निशाईच्या अकरा ओळी

स्वानंदचा फोन आला तेव्हा मी धंतोलीतल्या दवाखान्यात, पाण्याच्या फिल्टरजवळच्या बाकावर बसले होते. आत यांचं रक्त काढत होते आणि आम्हा नातेवाईकांना बाहेर घालवलं होतं. मंगळवार होता. शुक्रवारी सकाळी बायपास ठरली होती. आमच्या यांना त्यांचं सगळं गाव, उमरेड, भैयाजी म्हणतं. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, म्हणून लिहितानाही भैयाजीच लिहिते.

"शोभाताई, भैयाजी कसे आहेत?" स्वानंदनं विचारलं, आणि मी सांगेपर्यंत थांबला नाही. "एक छोटासा घोळ झाला. म्हणजे मोठाच झाला. तुम्हाला अकरा ठिकाणी परत बोलावं लागते. गुरुवारी रात्री आठच्या आत सगळं मुंबईला गेलं पाहिजे."

"अकरा? चुकलं का काही?"

"तुम्ही दर वेळी 'दिवा शांत झाला' म्हटलंय. कागदावर 'दिवा विझला' आहे."

आपण कागदाहून वेगळं बोललो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

हे नीट कळायचं तर आधी तो खेळ सांगावा लागेल. आमच्या महाल भागातल्या गल्लीत, मारुतीच्या ओट्यावर मुलं-मुली शाळेतून आली की पत्ते मांडून बसतात. आपले राजा-राणीचे पत्ते नव्हेत. 'दीपगड' नावाचा परदेशातून आलेला खेळ आहे. दुकानात पाकिटं मिळतात, एका पाकिटात पाच पत्ते. पत्त्यावर एकेक योद्धा असतो आणि कोपऱ्यात त्याचा छोटासा दिवा. योद्धा हरला की पत्ता पालथा करायचा आणि ओरडायचं, "दिवा विझला!" यंदापासून पत्ते मराठीत निघाले, तर खाली ते वाक्यही छापून आलं. त्याच खेळावर ॲनिमेशनचा सिनेमा निघाला. त्याचं मराठी बोलणं भरायचं काम प्रतापनगरातल्या स्वानंदच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओकडे आलं. एवढं मोठं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

त्या सिनेमात एक म्हातारी आहे, निशाई. गडाच्या पोटात सगळ्या योद्ध्यांचे दिवे ओळीनं लावलेले, आणि ही त्यांची राखण करत बसलेली. लढाईत कोणी पडला की ती त्याचं नाव घेते आणि त्याच्या दिव्याचं सांगते. तिला दुसरं काम नाही. अकरा योद्धे पडतात, म्हणून अकरा ओळी. बाकी दोन-तीन ठिकाणी ती पोरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते, ते वेगळं.

हे काम माझ्याकडे आलं ते भूमिकामुळे. भूमिका आमच्या गल्लीतली, स्वानंदकडे आवाज भरायच्या यंत्रावर बसते. श्रावणात मी देवळात पोथी वाचते ते तिनं ऐकलं होतं. "काकू, तुमचा आवाज मोठा नाही, पण ऐकताना माणूस गप्प बसते," ती म्हणाली. मला हसू आलं. भैयाजी खाटेवरून म्हणाले, "जाय वं. एकतीस साल झाले, घरात तं तुझा आवाज मले आयकू नाही आला. टाकीजमंधी तरी येईन."

मग बारा दिवस मी जात होते. सकाळची पूजा, यांचं पथ्याचं जेवण, मग सिटी बस. तिथं बांगड्या वाजतात म्हणून पहिल्याच दिवशी भूमिकानं त्या काढायला सांगितल्या. मी काढल्या नाहीत. रुमालानं मनगटाशी घट्ट बांधून घेतल्या. तेव्हापासून खोलीत शिरलं की मी आधी रुमाल काढायची.

घोळ कसा झाला ते भूमिकानं नंतर सांगितलं. निशाईच्या तोंडावरून पदर असतो, त्यामुळे ओठांशी शब्द जुळतात की नाही ते दिसतच नाही. आणि ऐकणारे दोघंही आमच्यासारख्याच घरातले. स्वानंद वर्ध्याचा. त्याची आईही दिवा 'शांत' करते, मंगळसूत्र 'वाढवते', निघताना 'येते' म्हणते. भूमिकाची तर आजी अजून धाकात ठेवते. लहानपणी मी एकदा "तेल संपलं" म्हटलं तर माझ्या आईनं पिठाच्या हातानं माझं तोंड दाबलं होतं. तिघांच्याही कानाला 'शांत झाला' तेच बरोबर वाटलं. बारा दिवसांत एकदाही कोणी थांबवलं नाही. मुंबईच्या कंपनीत शब्दांची यादी घेऊन बसलेला माणूस होता, त्यानं पकडलं. पत्त्यावर जे छापलंय तेच सिनेमात हवं, असा त्यांचा करार होता.

एरवी कदाचित मी देवाला हात जोडून बोलून टाकलं असतं. पण शुक्रवारी यांची छाती उघडणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्षातल्या गुरुवारी, घरात घट मांडलेला असताना, मी माझ्या तोंडानं अकरा वेळा ते म्हणायचं. मी स्वानंदला "सांगते" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

बुधवारी संध्याकाळी भेटायच्या वेळेत स्वानंद आणि भूमिका दोघंही दवाखान्यात आले. हातात काटोलच्या संत्र्यांची पिशवी. खोली दोन खाटांची होती. दुसऱ्या खाटेवरचे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खुर्चीवर माझी नणंद बसली होती, रुख्माबाई. दुपारच्या एसटीनं उमरेडहून आल्या होत्या. यांच्याहून आठ वर्षांनी मोठ्या, सत्तरीच्या. जन्म हातमागावर गेलेला. मागाच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे त्यांना हळू बोलता येतच नाही.

"या, डायरेक्टर साहेब," भैयाजी म्हणाले. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले तरी बोलणं तेच. "सीट खाली नाही, उभ्यानं प्रवास करा. तिकीट नाही लागत."

स्वानंद हसला, पण चेहरा उतरलेला होता. दोन रात्री झोपला नसावा. "शोभाताई, मी कालपासून मुंबईला विनवून राहिलो. ते म्हणतात, पत्ते छापून दुकानात गेले, आता शब्द बदलत नाही."

"मग दुसरी कोणी बाई..." मी म्हटलं.

"दुसरी आणली तर तुमचे सगळे सीन परत. बारा दिवसांचं काम एका दिवसात कसं होईल? नाही झालं तर पुढचं काम आपल्याकडे येत नाही. मग मला स्टुडिओला कुलूप लावावं लागेल."

"सर, असं काकूंवर नका टाकू," भूमिका हळूच म्हणाली.

"मी टाकत नाही आहे. सांगून राहिलो."

भैयाजी माझ्याकडे बघत होते. मी थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत होते. "काहून नाही बोलत?" त्यांनी विचारलं.

"जमत नाही."

"अवं, मी का दिवा आहो, फुंकल्यानं विझाले?"

"अहो!" मी म्हटलं. त्यांच्या तोंडूनही तो शब्द नको होता.

"पाहा, मी बोललो. काही झालं? मले काल त्या डॉक्टरनं काय काय सांगितलं. शंभरात दोन जातात म्हणे. तो सांगून घरी जाऊन जेवला असन. तुले एक शब्द नाही निंघत."

"डॉक्टर तुमची बायको नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला नव्हता. स्वानंद संत्र्यांची पिशवी कुठं ठेवावी ते बघत राहिला. शेवटी त्यानं ती खाटेखाली ठेवली आणि "उद्या सकाळपर्यंत कळवा" म्हणून दोघं निघाले.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. मागून रुख्माबाई आल्या. भूमिका आणि स्वानंद लिफ्टशी पोचले होते. बाईंनी तिथूनच हाक मारली, अख्ख्या माळ्यानं ऐकली. "ओ पोट्टे! थांबा."

ते थांबले. बाई मला म्हणाल्या, "मी बोलतो तो शब्द."

"बाई, तुम्ही?"

"काहून? मी बाई नाही का, म्हातारी नाही का? आपला आवाज फोनवर तं सारे एकच समजतात. तुह्यावर कुंकू आहे, तू नको बोलू. माझं काय जाते? माझं तं सारं जाऊनच बसलं."

त्यांचे मालक जाऊन अठरा वर्षं झाली. तेव्हापासून कोणाच्या ओटीला त्या पुढं होत नाहीत. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून मागं सरतात.

"नको" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण मी तीन रात्री बाकावर काढल्या होत्या. सकाळी घर, दुपारी दवाखाना, रात्री दवाखाना, पहाटे परत घर. माझ्या खांद्यावरून कोणी ते ओझं उचलून घेतंय एवढंच मला दिसलं. मी स्वानंदला विचारलं, "चालेल का?"

तो भूमिकाकडे बघायला लागला. "दोनच शब्द आहेत. नाव काकूंच्याच जुन्या आवाजातलं ठेवते, पुढचं आत्यांचं जोडते," ती म्हणाली. "जुळवून पाहू."

त्या रात्री मला बाकावर झोप लागली. हे लिहायला लाज वाटते, पण लागली.

गुरुवारी पहाटे मी घरी आले, अंघोळ केली, घट मांडला, कहाणी वाचली. रुख्माबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे बसून होत्या. "मी इथूनच आयकतो," त्या म्हणाल्या. दर वर्षी त्या तिथंच बसतात. मीही कधी 'आत या' म्हटलेलं नाही. त्या दिवशीही म्हटलं नाही.

दुपारी आम्ही प्रतापनगरला गेलो. थंडी होती, बाईंनी लुगड्यावरून भावाचा जुना खाकी स्वेटर चढवला होता. स्टुडिओतल्या खोलीत भिंतींना काळा फोम लावलाय, ते बघून म्हणाल्या, "ढेकणं होत नाही का यात?" मग पडद्यावर निशाई आली. दगडी गाभारा, दिव्यांच्या रांगा, आणि मधोमध तोंडावरून पदर घेतलेली म्हातारी. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"हिले कोणी भाकर-पाणी देते का नाही?"

"कार्टून आहे आत्या ते," भूमिका म्हणाली.

"असन. बसून तं आहे ना बिचारी."

भूमिकानं त्यांना माईकसमोर उभं केलं, कानाला हेडफोन लावला. "तीन वेळा टिक वाजते. तिसऱ्यानंतर बोलायचं. 'दिवा विझला.' बस."

सवयीनं मी माझा रुमाल काढून बांगड्या बांधायला लागले. आज मला बोलायचं नव्हतं तरी. रुख्माबाईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग आपले दोन्ही हात पुढं केले. "मले काही बांधाचं नाही," त्या म्हणाल्या, आणि हात खाली घेतले.

पहिल्या खेपेला त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की भूमिकानं कानावरचा हेडफोन उपटून फेकला. "आत्या, मागावर नाही बसले आपण!"

"मंग कसं बोलू? कानात कुजबुजू?"

"काकू बोलतात तसं."

दुसऱ्या खेपेला आवाज बरा लागला. टिक, टिक, टिक. "दिवा..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. ओठ हलत होते, पण पुढं काही आलं नाही. स्वानंद काचेपलीकडून म्हणाला, "काही हरकत नाही, परत घेऊ."

तिसऱ्या खेपेला त्या एका दमात म्हणाल्या, "दिवा शांत झाला."

भूमिका हसली. स्वानंदनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काहून हासून राहिली वं?" बाईंनी विचारलं.

"आत्या, 'शांत झाला' म्हटलं तुम्ही."

"मी? नाही."

भूमिकानं त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. बाईंनी मान हलवली, परत उभ्या राहिल्या, कागद डोळ्यांजवळ धरला. चौथ्यांदा तेच. पाचव्यांदा नुसता 'दि' निघाला आणि त्यांनी हेडफोन काढून स्टुलावर ठेवला.

"नाही निंघत," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "उद्या पोट्ट्याले कापून राहिले. माय मागावर बसे, तं हा माझ्या कडेवर राहे. चालायले लागेपर्यंत माझ्याच कडेवर होता. शाळेत मले पट्टी बसे, पोट्टं घेऊन येते म्हणून." पुढं काही बोलल्या नाहीत. खाकी स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं.

बासष्ट वर्षांचे भैयाजी कोणाच्या कडेवरचे होते, हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. लग्नात ऐकलं होतं, सणावाराला ऐकलं होतं. पण "माझं काय जाते" असं त्या म्हणाल्या तेव्हा मी ते खरं धरून चालले होते. मला सोयीचं होतं. माझ्या नवऱ्यासाठी जो शब्द माझ्या जिभेला जड, तो त्याच्या बहिणीच्या जिभेवर ठेवायला मी तयार झाले, कारण तिच्या हातात बांधायला काही नव्हतं. मी एवढे उपास करते, एवढी व्रतं करते, आणि हे एक मला दिसलं नव्हतं. खोलीत गरम होत होतं. आवाज भरताना पंखासुद्धा बंद ठेवतात. मला वाटलं आपण खाली बसावं आणि उठूच नये.

"सरका बाई," मी म्हटलं. "मी बोलते."

"अवं नाही, तू नको..."

"सरका."

त्या सरकल्या. मी हेडफोन लावला. पहिल्या ओळीला घसा थरथरला, भूमिकानं थांबवलं. दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं, तेही चालेना. स्वानंद काचेपलीकडून हळूच म्हणाला, "शोभाताई, निशाई रडत नाही. तिनं हे फार वेळा केलंय. तिला आता फक्त थकवा आहे."

"थकवा ना?" मी म्हटलं. "तो येतो मला."

टिक, टिक, टिक.

"वज्रकेतू. दिवा विझला."

भूमिकानं अंगठा वर केला. पुढचं नाव आलं. मग त्याच्या पुढचं. चार-पाच नावांपर्यंत मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात देवीचं नाव घेत होते. त्यानंतर ते घ्यायचंही राहून गेलं. सातव्या-आठव्या ओळीला मला एवढंच कळत होतं, की पाय दुखतायत आणि अजून तीन राहिल्यात. भैयाजींचा चेहरा डोळ्यांसमोर नव्हता. कोणाचाच नव्हता. शब्द तोंडातून जात होता, आणि खोली होती तशीच होती. काही कोसळलं नाही. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

"झालं," स्वानंद म्हणाला. घड्याळात पावणेसहा वाजले होते. त्यानं काचेपलीकडून हात जोडले. भूमिकानं पंखा लावला आणि चहा विचारला. माझा उपास होता. बाईंनीही नाही म्हटलं.

ऑटो अजनी चौकात आल्यावर रुख्माबाई म्हणाल्या, "भैय्यानं विचारलं तं मी बोलली म्हणून सांगजो."

"काहून?"

"माझ्या अंगावर राहू दे. काही झालं तं तू सारा जनम आपल्याच तोंडाले दोष देत बसशीन."

"आणि तुम्ही नाही देणार?"

त्या ऑटोवाल्याला म्हणाल्या, "सावकाश चालव गा. आम्हाले कोणती गाडी नाही पकडायची."

दवाखान्यात भैयाजींनी विचारलंच. "काय झालं सिनेमाचं?"

"झालं," मी म्हटलं.

"कोण बोललं?"

बाई तोंड उघडणार होत्या. मी म्हटलं, "मी बोलले. अकरा वेळा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काही तरी थट्टा करतील. त्यांनी नुसता हात खाटेवर माझ्याकडे सरकवला. सुई टोचलेला हात होता. मी तो धरला नाही, दुखेल म्हणून. त्याच्या बाजूला माझा ठेवला.

शुक्रवारी सकाळी सातला ट्रॉली आली. हे कुठल्याही मोठ्या कामाला निघताना मी यांच्या कपाळाला कुंकू लावते. लग्नानंतर हे नोकरीवर पहिल्यांदा गेले तेव्हाही लावलं होतं. पर्समधून डबी काढली, झाकण उघडलं. रुख्माबाई आपोआप दोन पावलं मागं, खिडकीकडे झाल्या.

मी डबी त्यांच्यापुढं धरली. "बाई, तुम्ही लावा."

"येडी झाली का वं?" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनीही कूस बदलली. "मी कशी लावू? आज? आजच्या दिवशी?"

"तुम्ही मोठ्या आहात. यांना आधी तुम्ही धरलंय."

"लोक काय म्हणतीन?"

"कोणते लोक?" भैयाजी म्हणाले. "ही सिस्टरबाई केरळची, हा ट्रॉलीवाला भंडाऱ्याचा, आणि हे काका झोपेत आहेत. लाव ना बाई. याची दुसरी सवारी खोळंबून राहिली."

ट्रॉलीवाला हसला. बाईंनी अंगठा डबीत बुडवला. अठरा वर्षांत त्यांचं बोट कुंकवाला लागलं नव्हतं, किती घ्यावं ते कळलं नाही. भलं मोठं लागलं, थोडं नाकावर सांडलं. भैयाजींना शिंक आली. बाई घाबरल्या. "शिंकला! मी म्हटलं होतं ना!"

"अवं, नाकात गेलं म्हणून शिंकलो," ते म्हणाले, आणि ट्रॉली निघाली.

आत जायच्या दारापाशी हिरव्या कपड्यातल्या माणसानं स्पिरिटचा बोळा घेऊन कपाळ, नाक सगळं पुसून काढलं. "आत असं चालत नाही काकू," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "बरोबर आहे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दार बंद झालं.

आम्ही बसलो. मी माळ काढली होती, पण मणी पुढं सरकेना. एकाच मण्यावर बोट ठेवून बसले होते. बाईंनी दोनदा वेळ विचारली. साडेबाराला डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून हातात घेतली होती. "झालं व्यवस्थित. तीन बायपास जोडावे लागले. संध्याकाळी शुद्धीवर आले की भेटू देऊ, एकेकाला."

रुख्माबाई रडायला लागल्या. मागावरच्या आवाजात. वॉचमन धावत आला, "आवाज नका करू मावशी" म्हणाला, मग त्यानंच त्यांना पाणी आणून दिलं. मला उठून डॉक्टरांना हात जोडायचे होते. डॉक्टर गेले तरी मी बसलेलीच होते. हे कशानं झालं, कोणाच्या पुण्याईनं झालं, की नुसतं डॉक्टरच्या हातानं झालं, याचा विचार करण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. देवाला मी एवढंच म्हटलं, की नंतर बोलू.

"कालपासून काही खाल्लं का तू?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

गुरुवारचा उपास संध्याकाळी सोडायचा असतो, तो सोडायचाच राहिला होता. घरी घट तसाच मांडलेला असेल. "नाही," मी म्हटलं.

"चाल. खाली पोह्याचा ठेला आहे."

लिफ्टपाशी काटोलकडच्या लोकांची गर्दी होती, कोणाला तरी खाटेसकट आणलं होतं. आम्ही जिन्यानं निघालो. बाईंचे गुडघे, माझे पाय. एक पायरी, मग थांबायचं. दोघींनी कठडा धरला होता. पहिल्या वळणाशी बाई दम खायला टेकल्या.

"शोभा, त्या सिनेमातल्या म्हातारीचं शेवटी काय होते वं?"

मला आठवावं लागलं. शेवटचा सीन आम्ही पहिल्या आठवड्यातच भरला होता, त्यात तिला बोलायला काही नव्हतं, नुसता श्वास होता.

"काही नाही होत. सकाळ होते. ती तिथंच आडवी होते, झोपते."

"मरते?"

"नाही बाई. झोपते."

"मंग बरं आहे," रुख्माबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.